दिवा कोणी मालवला?

मराठीत दिवे आपण होऊन जातात. तिन्हीसांजेला एकाएकी अंधार झाला, की घरातले सर्वांत धाकटे पोर ओरडते, "लाईट गेली!" मोठी माणसे काड्यापेटी शोधू लागतात, कोणी मेणबत्तीचा तुकडा आणते, आणि एकजण खिडकीतून वाकून शेजाऱ्यांकडे पाहून येतो. त्यांचीही गेलेली दिसली, की सर्वांना हायसे वाटते. लाईट कुठे गेली, कोणी नेली, हे कोणी विचारीत नाही. जसा पाऊस येतो, ताप येतो, तशी लाईट जाते. आणि जशी जाते तशीच, कोणाचे उपकार न घेता, परत येते.

माझी सारी नोकरी एका वीज वितरण कंपनीत गेली. हे वाक्य किती खोटे आहे, ते मला तिथे पहिल्या महिन्यातच कळले. वादळात फांदी पडून तार तुटली, तर गोष्ट वेगळी. एरवी लाईट बहुधा जात नसते. ती घालवलेली असते. उपकेंद्रात कोणीतरी एक फीडर बंद केलेला असतो, किंवा खांबावर चढून कोणीतरी फ्यूज काढलेला असतो. पण लोक "गेली" असे म्हणत, आणि आम्हीही त्यांना तसे म्हणू देत असू. त्या एका क्रियापदाच्या आडोशाला आम्ही सारे निवांत बसलो होतो.

आता तो आडोसा राहिलेला नाही. तो काढून नेला आहे आपल्या जिन्याखाली बसलेल्या एका लहानशा पेटीने.

जुने मीटर आठवा. काचेआड एक चकती फिरत असे, आणि तिच्यावरचा तांबडा ठिपका पुन्हा कधी दिसतो हे पाहण्यात मुलांच्या सुट्टीच्या दुपारी जात. ते मीटर फक्त मोजत असे. आजचे स्मार्ट मीटर मोजते, दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा हिशेब लिहून ठेवते, आणि तो हिशेब रेडिओच्या किंवा मोबाईलच्या लहरींवरून दूरच्या संगणकाकडे पाठवते. याशिवाय ते आणखी एक काम करते, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख ओझरता असतो. ते हुकूम ऐकते. त्याच्या पोटात एक कळ बसवलेली असते. शहरातल्या एका थंडगार खोलीतून हुकूम सुटला, की वीस कोसांवरच्या एका घरात ती कळ उघडते आणि घर अंधारात जाते. शेजारचे घर मात्र उजळलेलेच राहते. "या घराला इतकाच भार, त्याहून अधिक नाही" असेही त्या कळीला बजावता येते. भारतीय मानक १६४४४ या क्रमांकाखाली ही मीटरे बनतात. केंद्र सरकारने २०२१ साली हाती घेतलेल्या योजनेत अशी २५ कोटी प्रीपेड मीटरे बसवण्याचा संकल्प होता. महाराष्ट्रात प्रीपेडला विरोध झाला, आणि सामान्य ग्राहकांना ती बसवणार नाही असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. नंतर बिल येणारी स्मार्ट मीटरे मात्र बसू लागली. पैसे आधी भरायचे की नंतर, हा वाद आपल्या जागी महत्त्वाचा आहे. पण आतली कळ दोन्हींत आहे.

मला जो प्रश्न सतावतो तो पैशांचा नाही. ज्या माणसाला आपण पाहिलेले नाही, पाहणारही नाही, त्याच्या घरातला दिवा नेमका तेवढाच मालवण्याची शक्ती आपल्या हाती आली, तर तिच्याबरोबर कोणते कर्तव्य हाती येते?

आरंभीच सांगतो, ही शक्ती मुळात वाईट आहे असे मी मानीत नाही. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणे अजूनही अवघड व महाग आहे. म्हणून ज्या क्षणी जितकी वापरली जाते, त्याच क्षणी जवळजवळ तितकीच निर्माण व्हावी लागते. या तोलाचा काटा म्हणजे प्रवाहाची वारंवारता. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने असते. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला, की काटा खाली झुकतो. फारच झुकला, तर वीजकेंद्रातली यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक अंग काढून घेतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर भारतातली वीजजाळी कोसळली. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही जाळ्या गेल्या. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. आगगाड्या वाटेत थांबल्या, खाणीतले कामगार खाली अडकले. जाळी कोसळण्यापूर्वी काही भार वेळीच उतरवणे हे पुष्कळदा सर्वांच्याच हिताचे असते. बुडत्या नावेतून काही सामान फेकावेच लागते. प्रश्न एवढाच, की कोणाचे फेकायचे?

जुन्या पद्धतीत हा प्रश्न विचारलाच जात नसे, कारण आमच्या हातचे हत्यार बोथट होते. एका फीडरवर हजारो घरे. बंद करायचा तर सारा फीडर बंद. त्यात दवाखानाही गेला, पीठगिरणीही गेली, आणि उद्या परीक्षा असलेली मुलगीही गेली. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवत असतील. तेव्हा ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्या फीडरवर अंधाराचे तास जास्त, असा हिशेब होता. हिशेब वरवर न्यायाचा दिसे. पण गल्लीत दहा जणांनी तारेवर आकडे टाकले होते आणि अकराव्याने दर महिन्याला रांगेत उभे राहून बिल भरले होते, त्या अकराव्याने काय करावे? चोराच्या शेजारी राहणे हा त्याचा गुन्हा ठरत होता. आमच्या फीडरला चोर आणि साव यांतला फरक दिसत नव्हता.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कधी नव्हे अशी थंडी पडली, वीजकेंद्रे गोठली, आणि जाळी कोसळू नये म्हणून लाखो घरांची वीज तोडावी लागली. रुग्णालये ज्या वाहिन्यांवर होती त्या चालू ठेवल्या गेल्या, ते योग्यच होते. पण त्याच वाहिन्यांवरच्या रिकाम्या कचेऱ्यांचे मजले रात्रभर झगमगत राहिले आणि थोड्या अंतरावरच्या वस्त्यांत माणसे पांघरुणात गारठत होती. राज्य सरकारच्याच मोजणीप्रमाणे त्या वादळाने २४६ जीव घेतले. तिथे प्रत्येक घराला "एक दिवा, एक शेगडी चालेल, बाकी बंद ठेवा" असे सांगणारी कळ असती, तर? असा प्रयोग झालेलाही आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या फोरवेज भागात २०२३ साली पूर्ण अंधाराऐवजी घरांना १० अँपिअरची मर्यादा घालून पाहिली गेली. १० अँपिअर म्हणजे साधारण २,३०० वॅट. त्यात दिवे, पंखा, फ्रिज चालतात. पाणी तापवायचे यंत्र तेवढे थांबते. न्यूझीलंडमध्ये तर गेल्या शतकाच्या मध्यापासून घरोघरच्या गरम पाण्याच्या टाक्या तारेतूनच पाठवलेल्या खुणेने काही वेळ बंद केल्या जातात. टाकीतले पाणी तासाभरात निवत नाही, म्हणून बहुतेकांना ते कळतही नाही. सर्वांनी थोडे थोडे सोसले, म्हणजे कोणालाच फार सोसावे लागत नाही. गीतेने ज्याला लोकसंग्रह म्हटले, त्याचेच हे एक साधे घरगुती रूप मानायला माझी हरकत नाही.

तेव्हा धारदार कळ बोथट फीडरपेक्षा अधिक न्यायी होऊ शकते, हे मी मान्य करतो. पण धार जितकी तीक्ष्ण, तितके ती धरणाऱ्या हाताकडे लक्ष हवे. इथे मला माझ्या नोकरीतल्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट जुनी आहे. आमच्या कचेरीत एक वयस्क लाईनमन होते. त्यांना सारे मामा म्हणत. मार्च महिना आला, की मी थकबाकीदारांची यादी करीत असे आणि मामा सायकलला शिडी बांधून निघत. संध्याकाळी यादी परत येई, तिच्या शेवटच्या रकान्यात मामांचे गिचमीड अक्षर असे: "तोडले", "पैसे भरले", "घर बंद". एकदा ज्या घरापुढे "घर बंद" लिहिले होते, त्या घरावरून मी त्याच सकाळी आलो होतो. अंगणात दोरीवर लहान मुलाची दुपटी वाळत होती. मी मामांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "साहेब, घरात बाळंतीण आहे. सहा दिवसांचं पोर. शिडी लावली होती, पण खाली उतरलो."

"मग तसे लिहायचे."

"तसं लिहायला रकाना कुठाय?"

मी यादीवर सही केली. मामा खोटे बोलले होते, आणि त्या खोट्याचा मी साक्षीदार झालो होतो. तरी त्या रात्री मला झोप चांगली लागली.

पण गोष्ट इथे थांबवली, तर ती गोड होईल आणि अपुरी राहील. पुढे वर्षभराने मी जुन्या याद्या चाळीत होतो. बाजारपेठेतल्या एका बंगल्यापुढे लागोपाठ पाच महिने "घर बंद" असे लिहिलेले आढळले. तो बंगला कधी बंद नसे. त्याच्या गच्चीवर रोषणाई असे. आणि त्याच याद्यांत, नदीकाठच्या वस्तीतल्या एका विधवा बाईच्या नावापुढे दर वेळी पहिल्याच दिवशी "तोडले" असे होते. मी काही विचारण्यापूर्वीच मामांनी मान खाली घातली. बंगल्यातून त्यांना काय मिळाले ते मी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. मला उमगले ते एवढेच, की ज्या दारातून दया आत येत होती, त्याच दारातून लाचही येत होती. आणि जिला दया लागत होती, तिच्यापर्यंत ती पोचेलच असा काही नेम नव्हता. ज्यांना बोलता येते, चहा पाजता येतो, ओळख सांगता येते, त्यांच्याच वाट्याला डोळेझाक अधिक येते. म्हणून जुन्या काळच्या माणुसकीचे गोडवे गाताना मला त्या विधवा बाईची आठवण ठेवावी लागते.

यंत्राने ते दार बंद केले. यंत्र चहा पीत नाही. बंगला आणि झोपडी त्याला सारखीच. हे थोडे झाले असे मी म्हणणार नाही. पण दार बंद झाले, तेव्हा शिडीवरून खाली उतरणारा माणूसही बाहेरच राहिला.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

नोकरीच्या अखेरीला मी त्या थंडगार खोलीत बसू लागलो. शिडी गेली, सायकल गेली. पडद्यावर यादी येई, ती वाचून पसंती द्यायची आणि एक बटण दाबायचे. एका शुक्रवारी दुपारी अशी चारशेवर नावांची यादी आली. मी पहिले पान वाचले, दुसरे चाळले, आणि बटण दाबले. चारशे घरांना एक मिनिट लागले असेल. मग मी चहा घेतला.

सोमवारी सकाळी एक वृद्ध गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक. गावाबाहेर, झाडांत, एकटेच राहत. हातातल्या पिशवीत बिलाची पावती नीट घडी घालून ठेवलेली. ते तक्रार करायला आले नव्हते. म्हणाले, "शुक्रवारी लाईट गेली. म्हटलं, येईल. शनिवारी आली नाही. काल गडी आला तो म्हणाला, गावात सगळीकडे आहे. तेव्हा माझ्याच वायरिंगमध्ये काही बिघाड असेल. जरा कोणाला पाठवता का?"

मी पडद्यावर पाहिले. बिल भरलेले होते; पावती चढवताना ग्राहक क्रमांकाचा एक आकडा चुकला होता, आणि पैसे दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा झाले होते. नोटिशीचा संदेशही गेला होता. तो गेला होता त्यांच्या पत्नीच्या मोबाईलवर; आणि ती बाई तीन वर्षांपूर्वीच वारली होती. शेवटच्या ओळीत तोडणीच्या हुकमाची वेळ होती, मिनिटासकट, आणि तिच्यापुढे हुकूम देणाराची खूण होती. ती खूण माझी होती.

तीन रात्री ते गृहस्थ कंदील लावून बसले होते, आणि त्यांनी दोष दिला होता तो स्वतःच्या घरातल्या तारांना. मी त्यांना खरे सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "गुरुजी, जरा तांत्रिक अडचण होती. तुम्ही घरी पोचेपर्यंत सुरू होईल." ते उठले, हात जोडून "आभारी आहे" म्हणाले, आणि गेले.

मामांचे खोटे आणि माझे खोटे मी पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे. "घर बंद" या खोट्याने, निदान त्या एका दिवशी, दुसऱ्याच्या घरातला दिवा जळत राहिला. "तांत्रिक अडचण" या खोट्याने फक्त मी झाकला गेलो. आणि तरी दोघांत नियमाने वागणारा मीच होतो.

हे एका घराचे झाले. चूक माणसाचीच असते. फरक तिच्या आकारात पडतो. मामांनी चुकून भलतीच तार तोडली असती, तर एक घर अंधारात गेले असते, आणि त्या घरातल्या बाईने शिडीखालीच त्यांना गाठून चार शब्द सुनावले असते. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन गोकुळाष्टमीच्या दिवशी, लखनौ आणि उत्तर प्रदेशातल्या इतर काही शहरांत सुमारे दीड लाख स्मार्ट मीटरधारकांची वीज एका चुकीच्या हुकमाने तोडली गेली. बिल भरणारे आणि न भरणारे, सारे एकाच झटक्यात. कृष्णजन्माची तयारी अंधारात करावी लागली. त्यावर चौकशी बसली, मीटर बसवण्याचे काम थांबवले गेले, ते सर्व झाले. पण मला त्या संध्याकाळच्या घरांचा विचार येतो. खिडकीतून वाकून पाहावे, तर जुने मीटर असलेल्या शेजाऱ्याचा दिवा जळतो आहे. "लाईट गेली" म्हणावे, तर ती फक्त आपलीच गेली आहे. सर्वांबरोबर अंधारात बसणे सोपे असते. एकट्याच्या वाट्याला आलेल्या अंधारात माणूस आधी स्वतःचाच अपराध शोधू लागतो. माझ्या गुरुजींनी तेच केले होते.

यावर कोणी म्हणेल, की लोकांना विचारून, त्यांच्या संमतीने हे केले म्हणजे झाले. संमती मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण संमती म्हणजे काय, हेही पाहावे लागते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हजारो कुटुंबांनी थोड्या पैशांच्या सवलतीच्या बदल्यात आपल्या वातानुकूलन यंत्राची कळ वीज कंपनीच्या हाती दिली होती. एरवी घरमालकाला वाटले, तर कंपनीचा हुकूम मोडता येत असे. ३० ऑगस्ट २०२२ च्या उकाड्यात जाळीवरचा ताण वाढला, आणि सुमारे २२,००० घरांत यंत्राचे आकडे हलेनासे झाले. करारात ती तरतूद होती. लोकांनी सही केली होती. तरी त्यांना फसवल्यासारखे वाटले. मला वाटते, त्यांची चूक नव्हती आणि कंपनीचीही सर्वस्वी नव्हती. एकदा सही करून कायमचे "हो" म्हणून ठेवणे आणि त्या त्या वेळी "हो" म्हणणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

त्या वेळी "हो" म्हणणे काय असते, हे आपण पाहिले आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातले दिवे बंद करून पणत्या लावा, असे पंतप्रधानांनी आवाहन केले होते. त्या आवाहनाविषयी मते काहीही असोत. वीज अभियंत्यांनी १२ ते १४ हजार मेगावॅट मागणी घटेल असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात घटली सुमारे ३१,००० मेगावॅट. धरणांवरच्या जलविद्युत केंद्रांनी झपाट्याने उत्पादन उतरवून आणि पुन्हा चढवून तो तोल सांभाळला. कोणत्याही खोलीतून हुकूम सुटला नव्हता, कोणाच्या मीटरमध्ये कळ उघडली नव्हती. कोट्यवधी माणसांनी आपल्या हाताने आपला दिवा मालवला होता, आणि तो अंधार कोणालाही टोचला नाही. अंधार तोच; पण ज्याच्या घरात तो झाला, त्याला आधी विचारले होते.

याच्या उलट टोकाला इंग्लंडातला एक शब्दप्रयोग आहे. तिथे प्रीपेड मीटरमधले पैसे संपून घरातली वीज बंद पडली, तर तिला 'ग्राहकाने स्वतःच केलेली तोडणी' अशा अर्थाचे नाव देतात. थंडीत कुडकुडणाऱ्या म्हातारीने जणू आपण होऊन आपली शेगडी विझवली! आपल्या "लाईट गेली" मध्ये घालवणारा कोणी दिसत नाही. या शब्दात तो दिसतो, पण भलताच दिसतो. मला पहिला शब्द अधिक सुसंस्कृत वाटतो. मात्र त्याच देशात रात्री, सुट्टीच्या दिवशी आणि सणाला पैसे संपले तरी प्रीपेड मीटरची वीज तोडायची नाही, अशीही पद्धत आहे. म्हणजे दयेला नियमात रकाना करता येतो.

मामांनी मला तेच विचारले होते. यंत्र दया करू शकत नाही, असे आपण म्हणतो. खरे तर यंत्र दयाही करीत नाही आणि क्रूरपणाही करीत नाही. आपण जो रकाना ठेवला असेल, तो ते वाचते. घरात बाळंतीण आहे, घरात प्राणवायूचे यंत्र लावलेला रुग्ण आहे, उद्या सण आहे, पावती सापडत नाही आणि माणूस शपथेवर सांगतो आहे, यांतला प्रत्येक रकाना आधी बसून, थंड डोक्याने, बंगल्यालाही आणि नदीकाठच्या वस्तीलाही सारखाच लिहून ठेवता येईल. मामांच्या मनात आलेली दया एका घरापुरती आणि मर्जीची होती. लिहिलेली दया हक्काची होते, आणि तिच्यासाठी कोणाला चहा पाजावा लागत नाही.

पण साऱ्याच गोष्टी आधी लिहून ठेवता येत नाहीत. कोणत्या घरात उद्या काय असेल, हे कोणत्या नियमकर्त्याला सुचेल? म्हणून रकान्यांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट लागते, आणि तिच्यासाठी मला आपल्या पुराणातल्या एका कथेकडे जावे लागते.

सत्यवानाचे प्राण न्यायला यम आला, तेव्हा सावित्रीने त्याला विचारले, की माणसांना न्यायला तुमचे दूत येतात असे मी ऐकले होते, आपण स्वतः कसे आलात? महाभारतात यमाने दिलेले उत्तर मला फार आवडते. त्याचा आशय असा, की हा माणूस गुणी आहे, याला दूतांकरवी नेणे योग्य नव्हते, म्हणून मी स्वतः आलो. यमाच्या यादीत चूक नव्हती. सत्यवानाची घटका भरली होती. चित्रगुप्ताचा हिशेब आपल्या मीटरपेक्षा पक्का. तरीही यम चालत आला. आणि तो चालत आला म्हणूनच सावित्रीला त्याच्यामागून चालता आले. सात पावले बरोबर चालले की मैत्री होते, असे ती त्याला म्हणाली. चालता चालता ती बोलत गेली, तो ऐकत गेला, आणि जे टळणार नव्हते ते टळले. यमाने बसल्या जागेवरून हुकूम सोडला असता, तर सावित्री कोणाशी बोलली असती?

प्रत्येक थकबाकीदाराकडे अधिकाऱ्याने चालत जावे, असे मी म्हणत नाही. ते होणार नाही, आणि तसे झाले तर आकडे टाकणारांचे फावेल. पण ती सात पावले कुठेतरी ठेवली पाहिजेत. आपल्या वीज कायद्यात, २००३ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमात, बिल थकले तरी लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस थांबावे, असे आहे. लोकांना ते सरकारी दिरंगाईचे लक्षण वाटते. मला ती सात पावले वाटतात. त्या पंधरा दिवसांत माणूस पावती शोधतो, उसने आणतो, भावाला पत्र लिहितो, कचेरीत येऊन भांडतो. हुकूम एका क्षणात पोचवणारी कळ हाती आली, म्हणून ही पावले तोडू नयेत. ज्या नंबरावर नोटीस पाठवली, तो नंबर जिवंत माणसाचा आहे की नाही, एवढे पाहायला एक पाऊल लागते. आणि ज्याचा दिवा मालवला, त्याला कोणी मालवला, का मालवला आणि कोणाशी बोलायचे, हे नावानिशी कळले पाहिजे. मीटरला ग्राहकाचे नाव ठाऊक असते. मग ग्राहकाला बटण दाबणाऱ्याचे नाव ठाऊक असू नये?

आमच्या घरी देवापुढचा दिवा फुंकर मारून विझवीत नसत. लहानपणी मी एकदा फुंकला, तेव्हा आजीने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. दिवा मालवायचाच असेल तर जवळ जावे, हात जोडावेत, फुलाने हलकेच शांत करावा, असे तिचे सांगणे. त्यात शास्त्र काय ते तिला विचारण्याची सोय नव्हती. आता मला वाटते, कोणताही दिवा मालवताना त्याच्याजवळ जावे लागावे, एवढाच त्यातला अर्थ असेल.

धनत्रयोदशीला आपण कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो. वर्षातून एकदा यमासाठी दिवा. पूर्वी मला त्यात भीती दिसे; आता थोडा आदरही दिसतो. ज्याच्या हाती साऱ्यांचे दिवे मालवायचे काम आहे, त्याला निदान एका दाराशी उजेड असावा आणि दारातली माणसे दिसावीत.

आमचे गुरुजी अजून आहेत. नव्वदीच्या घरात आले आहेत. पाडव्याला फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जाण्याचा माझा गेल्या चार वर्षांचा परिपाठ आहे; आम्ही हवापाण्याचे बोलतो, आणि मी परत येतो. यंदा चकल्या खाऊन झाल्या, की त्यांना एक वाक्य सांगायचे मी ठरवले आहे. वाक्य साधे आहे, फक्त त्यात कर्ता आहे: "गुरुजी, त्या शुक्रवारी तुमची लाईट गेली नव्हती. ती मी घालवली होती."